मुक्या चौकोनांवरचा ठेका

संगीतवाद्यांच्या दुकानात अलीकडे एक चपटी पेटी हमखास मांडलेली दिसते. आकार शाळकरी पाटीएवढा. वर चार ओळींत बसविलेले रबराचे सोळा चौकोन, आणि कडेला फिरविण्याच्या चार-दोन कळा. तिला पॅड कंट्रोलर म्हणतात. गिऱ्हाईक कुतूहलाने एखाद्या चौकोनावर बोट आपटून पाहते आणि बहुधा हिरमुसते. कारण रबरावर बोट पडल्याचा थप्प एवढाच काय तो आवाज होतो. पेटी बिघडलेली नसते. ती मुळातच मुकी असते.

महाराष्ट्रातील श्रोत्यांना ह्याच कुळातील एक वाद्य चांगले परिचयाचे आहे. गणेशोत्सवातील वाद्यवृंद असो, लग्नाची वरात असो की हौशी मंडळींचा ऑर्केस्ट्रा असो, काठ्यांनी वाजविला जाणारा ऑक्टोपॅड तेथे असावयाचाच. जपानच्या रोलंड कंपनीने हे वाद्य १९८५ साली ‘पॅड-८’ ह्या नावाने प्रथम बाजारात आणले. त्याला आठ चौकोन होते, म्हणून ते ऑक्टोपॅड. पुष्कळांना ठाऊक नसेल, पण ह्या आद्य ऑक्टोपॅडलाही स्वतःचा आवाज नव्हता. तारेने जोडलेल्या दुसऱ्या यंत्राला ‘आता अमुक ठोका वाजव’ असा निरोप तो धाडीत असे, आणि वाजण्याचे काम ते दुसरे यंत्र करी. पुढील पिढीतील ऑक्टोपॅडांनी आवाज आपल्या पोटातच साठविले, त्यामुळे निरोप्याची ही भूमिका लोकांच्या विस्मरणात गेली. आजचा पॅड कंट्रोलर पुन्हा त्या मूळ भूमिकेवर आला आहे. फरक इतकाच, की निरोप घेणारे दुसरे यंत्र आता म्हणजे आपल्या टेबलावरचा संगणक आणि त्यातील ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर.

हा निरोप ज्या भाषेत जातो तिचे नाव मिडी. १९८३ पूर्वी एका कंपनीचे विद्युतवाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी सहसा बोलत नसे. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी ह्यांनी पुढाकार घेतला, प्रतिस्पर्धी कंपन्यांना एका भाषेवर राजी केले, आणि १९८३ साली दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून जाहीरपणे वाजवून दाखविण्यात आली. ह्या कामाबद्दल दोघांना २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला. भाषा अगदी साधी आहे. एका ठोक्याचा निरोप तीन आकड्यांचा असतो: ठोका कोणत्या मार्गाने आला, कोणत्या क्रमांकाचा आहे, आणि किती जोराने पडला. जोर मोजावयाचा तो १ पासून १२७ पर्यंत. मूळच्या तारेवरून असा एक निरोप पोचावयास सेकंदाचा सुमारे हजारावा भाग लागत असे. ध्वनीचा त्यात लवलेश नसतो. लग्नपत्रिकेत लग्न नसते, मुहूर्त आणि ठिकाण असते, तसेच हे.

तेव्हा वादकाच्या हातातून ही पेटी मुख्यतः दोन गोष्टी उचलते: ठोका केव्हा पडला आणि किती जोराने पडला. बोट किनारीवर पडले की मैदानावर, तळवा किती टेकला, नखाचा स्पर्श झाला की नाही, ह्यांतले काही पुढे जात नाही. इतके गळून गेल्यावर ज्या दोन गोष्टी उरल्या, त्यांना तरी पुढच्या वाटेत धक्का लागता कामा नये. आणि नेमका येथेच प्रश्न उभा राहतो. कारण त्यांना धक्का लावण्याची साधने सॉफ्टवेअरमध्ये भरपूर असतात, आणि ती सोयी म्हणूनच दिलेली असतात.

सोळा चौकोनांची ही मांडणी रूढ झाली तिच्यामागे रॉजर लिन ह्या अमेरिकन गृहस्थांचा मोठा वाटा आहे. लिन हे मूळचे गिटारवादक. खऱ्या ड्रमचे मुद्रित आवाज अंकरूपाने साठवून वाजविणारे ‘एलएम-१’ हे यंत्र त्यांनी १९८० साली काढले. त्यांची स्वतःची कंपनी १९८६ साली बंद पडली. त्यानंतर जपानच्या अकाई कंपनीसाठी त्यांनी ‘एमपीसी-६०’ ची रचना केली, ते यंत्र १९८८ साली आले. त्यावर चार गुणिले चार असे दाबसंवेदी चौकोन होते. पियानोची पट्टी नाही, काठ्या नाहीत. उघड्या बोटांनी वाजवावयाचे. अमेरिकेतील हिप-हॉप संगीताचा केवढा तरी भाग ह्या चौकोनांवर घडला. आपल्याकडील तबलजीला मात्र बोटांनी ताल वाजविण्यात नवल वाटण्याचे कारण नाही. त्याची बोटे ह्या कामासाठी लहानपणापासूनच घोटलेली असतात.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. पेटी यूएसबी तारेने संगणकाला जोडली, सॉफ्टवेअरच्या मांडणीत तिचे नाव निवडले, एक नवा ट्रॅक उघडून त्यावर तालवाद्यांचा एखादा संच बसविला, की चौकोन बोलू लागतात. पहिल्याच दिवशी होणारा घोटाळा म्हणजे ड्रम वाजवावयास जावे आणि झांज वाजावी. ह्याचे कारण क्रमांकांची जुळणी. १९९१ साली ठरलेल्या जनरल मिडी संकेतानुसार तालवाद्ये दहाव्या मार्गावर असतात. ३६ हा क्रमांक मोठ्या ड्रमचा, ३८ स्नेअरचा आणि ४२ मिटलेल्या झांजेचा. चौकोन आणि संच ह्यांचे क्रमांक जुळले नाहीत तर कोणत्याही एका बाजूने ते बदलून घ्यावे. काम दहा मिनिटांचे आहे, त्यावर अधिक बोलण्याची गरज नाही. विकत घेताना मात्र एक खबरदारी घ्यावी. प्रत्येक चौकोनी बटण जोर ओळखतेच असे नाही. २००९ साली निघालेल्या पहिल्या लाँचपॅडवर चौसष्ट बटणे होती, पण हळू दाबा की जोरात दाबा, त्यांना सारखेच. मुद्रिते चालू-बंद करण्यास ती उत्तम. ठेका वाजविण्यास निरुपयोगी.

पहिला धक्का बसतो तो ‘केव्हा’ ह्या गोष्टीला. बोट पडले आणि आवाज कानी आला, ह्यांच्या मध्ये थोडा विलंब होतो. संगणक ध्वनी घोटाघोटाने तयार करतो, आणि त्या घोटाला बफर म्हणतात. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या मुद्रणात २५६ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे सहा मिलिसेकंद, आणि १,०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे तेवीस. हे आकडे कानाला कसे भासतात ते सांगतो. हवेतून ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे चौतीस सेंटिमीटर जातो. सहा मिलिसेकंद म्हणजे तबला दोन मीटरवर ठेवल्यासारखे. बैठकीत एवढे अंतर असतेच, त्याने कोणी अडत नाही. तेवीस मिलिसेकंद म्हणजे वादकाची बोटे येथे आणि तबला आठ मीटरवर, दिवाणखान्याच्या पलीकडे! मग हात आपसूक घाई करू लागतो, आणि त्या घाईचा दोष वादकाच्या माथी मारला जातो. म्हणून वाजविताना बफर लहान ठेवावा; मिश्रणाच्या वेळी, जेव्हा संगणकावर भार असतो आणि हात वाजवीत नसतो, तेव्हा तो खुशाल वाढवावा. बिनतारी ब्लूटूथ हेडफोन तर ह्या कामी वर्ज्यच समजावे. त्यांचा विलंब सामान्यतः शंभर मिलिसेकंदांच्या घरात किंवा त्याहूनही अधिक असतो.

दुसरा धक्का जोराला. रबराखाली दाबाने विरोध बदलणारा एक पातळ थर असतो, त्यावरून जोराचा आकडा ठरतो. परंतु कोणाचे बोट हलके, कोणाचे जड. म्हणून जवळजवळ प्रत्येक पेटीत संवेदनशीलता आणि जोराची वक्ररेषा बदलण्याची सोय दिलेली असते. आपण सहज मध्यम जोराने वाजवावे आणि पडद्यावर ७० ते ८० च्या आसपास आकडा यावा, इतपत ती जुळवून घेतली की वर आघाताला आणि खाली नाजूक भरीला जागा राहते. नवशिके सहसा उलट करतात. पेटीवर ‘फुल लेव्हल’ नावाचे एक बटण असते. ते दाबले की मुंगी चालली तरी १२७ चाच आकडा उमटतो. आवाज भरघोस येतो, हुरूप वाटतो, आणि ठेका मरतो. तबलजीची सारी वागणूकच मुळी ह्या उंचसखलपणात असते. ख्यालाच्या साथीत भरीचे बोल गायकाच्या आवाजाखालून वाहात असतात. ते समेच्या बरोबरीने वाजू लागले तर गायकाला बसण्यास जागा उरत नाही.

आणि आता ज्या भागाविषयी मला अधिक आस्था आहे, तेथे येतो. तबल्याचे बोल ह्या चौकोनांवर मांडावयाचे कसे? बाजारात मिळणाऱ्या पुष्कळशा संचांत एका चौकोनावर ‘धा’, दुसऱ्यावर ‘धिं’, तिसऱ्यावर ‘तिं’ अशी तयार बोलांची मांडणी असते. दिसावयास सोपी, पण माझ्या मते ती मुळातच चुकीची. ‘धा’ हा एक ध्वनी नव्हे. तबल्यावरचा ‘ना’ आणि डग्ग्यावरचा ‘गे’ एका क्षणी पडले म्हणजे ‘धा’ होतो. ‘तिं’ आणि ‘गे’ मिळून ‘धिं’ होतो. दोन हातांत अगदी निमिषार्धाचे अंतर पडते, कधी डग्गा भारी असतो, कधी शाई. म्हणून एका आवर्तनातील दोन ‘धा’ कधी सारखे नसतात. तयार ‘धा’ दरवेळी तोच. शिवाय त्रितालाच्या खालीच्या विभागात ‘धिं’ चे ‘तिं’ होतात ते दुसरा बोल निवडल्यामुळे नव्हे, तर डावा हात थांबल्यामुळे. डावा हात थांबण्याचा तो अनुभवच वादकाकडून काढून घेतला, तर खाली ही केवळ पाठांतराची गोष्ट होऊन बसते.

म्हणून डावीकडचे दोन स्तंभ डग्ग्याला आणि उजवीकडचे दोन तबल्याला द्यावे. डावीकडे खुला ‘गे’ आणि बंद ‘के’. उजवीकडे ‘ना’, ‘तिं’, ‘तूं’, आणि ‘ति’, ‘ट’ ही जोडी. ‘धा’ दोन्ही हातांनी वाजवावा. मग ‘गे’ आणि ‘के’ ह्यांना एकाच ‘चोक’ गटात घालावे. ही सोय वस्तुतः ड्रमच्या झांजेसाठी केलेली आहे: उघडी झांज वाजत असता मिटलेली वाजली की पहिलीचा नाद तुटावा. आपल्या डग्ग्याला ती तंतोतंत लागू पडते, कारण ‘के’ चा तळवा पडला की ‘गे’ चा घुमारा तेथेच थांबावयास हवा. तो थांबला नाही तर ठेका चिखलातून चालल्यासारखा वाटतो.

घुमाऱ्याचे आणखी एक अंग आहे. डग्ग्यावर मनगट सरकवून तबलजी स्वर वर चढवितो, खाली उतरवितो. तो डग्ग्याचा जीव आहे. ठोक्याच्या तीन आकड्यांत त्याला जागा नाही. परंतु बऱ्याच पेट्या ठोका पडून गेल्यावरही बोटाचा दाब मोजत राहतात आणि तो निराळ्या निरोपाने कळवितात. त्याला आफ्टरटच म्हणतात. तो दाब सॉफ्टवेअरमध्ये ‘गे’ च्या स्वराच्या उंचीशी जोडता येतो. बोट दाबून धरले की घुमारा चढतो, सैल सोडले की उतरतो. अर्थात मनगटाच्या कसबाची सर त्याला येणार नाही. पण डग्गा अगदीच लाकडी वाटत नाही, आणि अर्ध्या तासाच्या खटपटीला एवढे फळ थोडे नव्हे. उलट ‘नोट रिपीट’ नावाची जी सोय आहे, ती तबल्यासाठी विसरून जावी. चौकोन दाबून धरला की तोच ठोका ठरावीक अंतराने वाजत राहतो. झांजेच्या जलद किणकिणीला ती छान. पण ‘तिरकिट’ म्हणजे एक बोल चार वेळा नव्हे.

सॉफ्टवेअरच्या मोजणीविषयी एक मौज सांगण्यासारखी आहे. बहुतेक सॉफ्टवेअरांत आवर्तनाची लांबी बदलता येते. चारांऐवजी सात मात्रा सांगितल्या की रूपक बसतो, आणि पडद्यावरची उभी रेघ समेवर येते. पण ताल धरून देणारा टिकटिक आवाज पहिल्या मात्रेला नेहमी ठासून वाजतो. रूपकाची तर समच खाली! जेथे हात उघडावयाचा तेथे यंत्र टाळी देते. असे आवर्तनामागून आवर्तन ऐकत वाजविणाऱ्याचा रूपक हळूहळू बदलू लागतो, हे मी तरुण वादकांच्या हातांत पाहिले आहे. उपाय सोपा आहे. ती टिकटिक बंद करावी आणि आपल्याला हवा तसा साधा ठेका एका निराळ्या ट्रॅकवर वाजवून त्याच्या आधाराने मुद्रण करावे.

एवढी तयारी करून वादक मनासारखा ठेका मुद्रित करतो, आणि पडद्यावर त्याला आपले ठोके उभ्या रेघांच्या जाळीवर मांडलेले दिसतात. कोणता रेघेच्या अंमळ अलीकडे, कोणता किंचित पलीकडे. शेजारी ‘क्वांटाइझ’ हे बटण असते. ते दाबले की सारे ठोके कवायतीच्या शिपायांप्रमाणे आपापल्या रेघेवर जाऊन उभे राहतात. ही ठोकेदुरुस्तीची सोय रॉजर लिन ह्यांच्या १९८० च्या यंत्रातही होती. ते कुशल कारागीर असल्याने रेघेवरचा ताल कसा कोरडा वाटतो हे त्यांनी ओळखले असावे. कारण त्याच यंत्रात ‘स्विंग’ चीही योजना होती. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत पाव मात्रा १२५ मिलिसेकंदांची होते. पाव मात्रांची जोडी २५० ची; तिची विभागणी निम्मी-निम्मी न करता चौपन्न टक्क्यांवर केली, तर पहिली १३५ ची आणि दुसरी ११५ ची होते. केवळ दहा मिलिसेकंदांनी एक ठोका सरकला. घड्याळाला हा फरक नगण्य. शरीराला मात्र तो लगेच कळतो, मान डोलू लागते.

तरीही स्विंग हा सुद्धा नियमच; प्रत्येक दुसरा ठोका तितकाच उशिरा. डेट्रॉइट शहरातील जे डिला ह्या संगीतकाराची कीर्ती वेगळ्याच कारणासाठी झाली. आपल्या एमपीसीवर तो दुरुस्तीचे बटण पुष्कळदा बाजूस ठेवी, आणि एकाच ठेक्यात एक वाद्य सरळ तर दुसरे मागे ओढलेले असे मिश्रण जाणूनबुजून करी. प्रथम ऐकणाऱ्यास ते अडखळल्यासारखे वाटते. चार आवर्तने गेली की कळते, की हा मनुष्य नेमका जेथे पडावयाचे तेथेच पडत आहे. डिला २००६ साली अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारला. त्याचे एमपीसी-३००० हे यंत्र आज वॉशिंग्टनमधील आफ्रिकी-अमेरिकी इतिहास व संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. मात्रेच्या पोटात शिरून, अंमळ मागे राहून गायकाला जागा करून देणारा तबलजी आणि मात्रेच्या पुढे रेटा देऊन तमाशाचा फड पेटविणारा ढोलकीवाला, दोघेही लयीत पक्के असतात. पण दोघांपैकी कोणीही रेघेवर नसतो. तेव्हा त्यांच्या मागे-पुढे राहण्याला चूक म्हणून पुसून टाकणारे बटण जपून वापरावे. माझी रीत अशी: आधी पडद्याकडे न पाहता ऐकावे. जेथे कानाला खटकले, तेवढाच ठोका हाताने सरकवावा. सगळा ठेकाच सैल पडला असेल, तर बहुतेक सॉफ्टवेअरांत दुरुस्तीचे प्रमाण टक्क्यांत ठरविता येते. तीस-चाळीस टक्क्यांवर ठेवले, तर ठोका रेघेच्या दिशेने थोडा सरकतो, रेघेवर जाऊन आदळत नाही. आणि त्याहून सैल पडला असेल तर पुन्हा वाजवावा. एका तबलजीला स्वतःचा ठेका पुन्हा वाजविणे जड नसावे.

एबलटन लाइव्ह आदी काही सॉफ्टवेअरांत ह्याच्या उलट दिशेचीही सोय आहे. एखाद्या वादकाचे मुद्रण दिले, तर त्यातील ठोक्यांची मागे-पुढे सरकण्याची चाल आणि जोराचे चढउतार ते यंत्र टिपून घेते, आणि आपण चौकोनांवर वाजविलेल्या ठेक्याला ती चाल लावते. एखाद्या जुन्या ढोलकीवाल्याची ओढ आपल्या गाण्याला अशी लावता येते. विद्या म्हणून हे विलक्षण आहे. परंतु ज्याची चाल उचलली, त्याचे नाव श्रेयनामावलीत येण्याची आणि त्याला बिदागी मिळण्याची रूढी अजून पडलेली नाही. पूर्वी ढोलकीवाल्याला स्टुडिओत बोलावावे लागे. तो येई, चहा घेई, दोन गोष्टी सांगे, वाजवी आणि पैसे घेऊन जाई. आता त्याची केवळ चाल बोलाविता येते. पॅडवर वाजविणाऱ्या तरुणांना माझे सांगणे एवढेच, की ज्याची चाल हवी, त्याला शक्य असेल तर एक दिवस बोलवावे आणि ह्याच सोळा चौकोनांसमोर बसवावे. पहिला अर्धा तास तो कुरकुरेल. मग डग्ग्याचा चौकोन त्याच्या बोटाला सापडेल, आणि त्यानंतर त्याने जे वाजविले असेल, त्याची एक प्रत कसलीही दुरुस्ती न करता निराळ्या ट्रॅकवर ठेवून द्यावी. ठोक्यांचे निरोप म्हणजे नुसते आकडे, त्यामुळे अशी प्रत संगणकात काडीचीही जागा अडवीत नाही.